दर ठरवणारे वेगळे, हिशेब राखणाऱ्या तुम्ही

पत्र :

"मी विद्युत अभियंता. वितरण कंपनीत बरीच वर्षं काढल्यावर प्रतिनियुक्तीवर नियामक कार्यालयात आले आणि यंदा माझ्याकडे वीजदर व बाजार विश्लेषण कक्षाचं प्रमुखपद आलं. हाताखाली दोन अभियंते, एक कॉस्ट अकाउंटंट, एक विधी अधिकारी आणि बाहेरच्या सल्लागार संस्थेची काही मुलं. दराचं सगळं एक्सेल मॉडेल सल्लागारांकडेच असतं, आमच्याकडे तयार तक्ते येतात. कक्षातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सगळं ठाऊक आहे, पण मी प्रमुख झाल्यापासून ते विचारल्याशिवाय बोलत नाहीत. कंपनीतले माझे जुने साहेब फोन करतात, 'मॅडम, एवढं जरा बघून घ्या.' वाढ अमुक टक्क्यांच्या आत बसवा, असं वरूनही सुचवलं जातं. माझा लिएन, म्हणजे मूळ पदावरचा हक्क, अजून कंपनीतच आहे. या कक्षाचं नेतृत्व करायचं म्हणजे मी नेमकं काय करायचं?"

– नाव व कार्यालय छापू नये

उत्तर :

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. दर किती असावा हे तुमच्या कक्षानं ठरवायचं नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६२ नं तो अधिकार वीज नियामक आयोगाला दिला आहे. आदेशावर सही अध्यक्ष आणि सदस्यांची. तुमच्या कक्षाचं काम हे की त्या सहीच्या वेळी समोरचा प्रत्येक आकडा कुठून आला, कोणी तपासला, कुठं अंदाज धरला आणि तो चुकला तर कोणाच्या बिलात उतरेल, हे सही करणाऱ्याला लख्ख दिसावं. पुढे तेच कागद अपिलात जातील, माहितीच्या अधिकारात मागितले जातील, दहा वर्षांनी कोणी तरी उघडून बघेल. तेव्हाही ते वाचता आले पाहिजेत. एवढं जमवलंत की नेतृत्व झालं. ते जमवायला मात्र रोजच्या सवयी बदलाव्या लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सल्लागारांचं मॉडेल ही तुमची पहिली दुखरी जागा आहे आणि तिथंच आधी हात घाला. सल्लागार नेमण्यात गैर काही नाही. कंपनीची दरयाचिका दाखल झाल्यावर निकालासाठी कायद्यानं १२० दिवस दिलेत, आणि एका बहुवर्षीय, म्हणजे काही वर्षांचे दर एकदम मागणाऱ्या, याचिकेत शेकडो तक्ते असतात. पण मॉडेल बाहेर आणि निकाल आत, ही व्यवस्था सरकारी कक्षाला शोभत नाही. सूत्रांसह उघडी फाइल कार्यालयाच्या संगणकावर हवी, पीडीएफ चालणार नाही, हे करारात नसेल तर पुढच्या करारात घाला आणि तोवर लेखी मागा. मग कक्षातल्या प्रत्येकाला एक-एक घटक वाटून द्या. एकाकडे वीज खरेदी, दुसऱ्याकडे वितरण हानी (वाटेत वाया जाणारी वीज) आणि विक्री, कॉस्ट अकाउंटंटकडे भांडवली खर्च, घसारा, व्याज. ज्याच्याकडे जो घटक, त्यानं तो सल्लागाराचा तक्ता न बघता स्वतः मांडायचा. छोटा, ओबडधोबड चालेल. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर तो फरक कुठून आला हे शोधायला बसायचं. खरं शिकणं त्या बैठकीत होतं, आणि चुका सापडतात त्याही तिथंच.

हे अगत्यानं सांगण्याचं कारण अगदी अलीकडचं आहे. महाराष्ट्रात २८ मार्च २०२५ ला महावितरणचा बहुवर्षीय दर आदेश निघाला, दर उतरणार म्हणून बातम्या आल्या. काही दिवसांत कंपनीच्या विनंतीवर त्याला स्थगिती मिळाली, २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. कोण बरोबर, कोण चूक यात मी इथं जात नाही. पण विश्लेषण कक्षात बसलेल्या माणसाच्या नजरेनं बघा : तीन महिन्यांत त्याच कंपनीचा तोच हिशेब पुन्हा मांडावा लागला. अशी वेळ आली की ज्या कक्षाकडे प्रत्येक गृहीतकाची टिपणं असतात, तो शांतपणे उत्तर देतो. ज्याच्याकडे फक्त तक्ते असतात, तो सल्लागाराला फोन लावत बसतो.

आता एक आकडा जवळून बघू. तुमच्या अभियंत्यांना आणि अकाउंटंटला एकत्र बसवून समजावण्यासारखा याच्याइतका चांगला दुसरा नाही : शेतीपंपांचा विनामीटर वापर.

समजा व्यवस्थेत १०० युनिट वीज शिरली. घरं, दुकानं, कारखाने यांच्या मीटरवर मिळून ६० युनिट दिसले. उरले ४०. यातले काही विनामीटर पंपांनी वापरले, बाकीचे तारांत, रोहित्रांत आणि चोरीत गेले. पंपांचा वापर २२ युनिट असं कंपनीनं सांगितलं तर हानी १८ टक्के. तोच वापर खरं तर १० युनिट निघाला तर हानी ३० टक्के. तिजोरीत आलेले पैसे दोन्ही वेळा तेवढेच. पण पहिल्या चित्रात कंपनी बरी चालली आहे आणि शेतकरी भरमसाट वीज वापरतोय. सरकारनं जास्त अनुदान द्यावं, कारखान्यांनी जास्त परस्पर अनुदान, म्हणजे शेतीच्या स्वस्त विजेचा भार आपल्या चढ्या दरातून, सोसावं. दुसऱ्या चित्रात शेतकऱ्याच्या नावावर गळती लपली आहे. एका अंदाजावर एवढं सगळं फिरतं.

हे पुस्तकी उदाहरण नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या कागदांवर वर्षानुवर्षं हानी सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास दाखवली जात होती. १९९९ मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग आला, २००० मध्ये त्यानं पहिला दर आदेश दिला, आणि त्या सुनावणीत शेतीच्या वापराचा अंदाज उकरून काढल्यावर खरी हानी तीस टक्क्यांच्या घरात असल्याचं उघड झालं. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आकड्यांचा पाठपुरावा केला होता, हेही विसरू नका. एवढी मोठी गोष्ट बाहेर यायला नवं तंत्रज्ञान लागलं नाही. 'हा आकडा कसा काढला?' हा प्रश्न विचारायची कायदेशीर जागा लागली. आज त्या जागेवर तुम्ही बसल्या आहात.

म्हणून तुमच्या अकाउंटंटला एकदा तरी ३३/११ केव्ही उपकेंद्रावर पाठवा. गावठाणचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) वेगळा आणि शेतीचा वेगळा कसा केला आहे, ते त्यांना दाखवा. ऑपरेटर दर तासाला लॉगशीटवर काय लिहितो ते वाचू द्या. शेतीला दिवसा पुरवठा कोणत्या आठवड्यात आणि रात्री कोणत्या, फीडर किती वेळ बंद होता, पंपाच्या पाटीवरची अश्वशक्ती आणि बिलावरची अश्वशक्ती एकच आहे का. पाऊस चांगला झालेल्या वर्षी वापर वाढलेला दिसत असेल तर का वाढला, असं तिथंच विचारायला सांगा. उसाच्या पट्ट्यातला फीडर आणि कोरडवाहू भागातला फीडर यांना एकच सरासरी लावली असेल तर त्यांना ते पुढच्या वेळी तक्त्यातच खटकेल. मुंबईत बसून हे शिकता येत नाही. अभियंत्यांना उलट एक दिवस ताळेबंदासमोर बसवा. ज्याला व्याज आणि घसारा यातला फरक कळत नाही त्यानं उपकेंद्राच्या भांडवली खर्चावर शेरा मारू नये.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. त्यामुळे हा आकडा बिनमहत्त्वाचा झाला असं कोणी म्हणेल. उलट आहे. बिल शेतकऱ्याऐवजी शासन भरतं, म्हणजे युनिटची मोजदाद आता थेट राज्याच्या अर्थसंकल्पात जाते. कलम ६५ प्रमाणे अनुदान शासनानं आगाऊ द्यायचं असतं. किती द्यायचं, ते तुमच्या कक्षानं तपासलेल्या युनिटवर ठरतं.

वीज खरेदीकडे वळू, कारण वितरण कंपनीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा तिचाच. इथं तुमचा कंपनीतला अनुभव कामी येईल. वार्षिक सरासरी दरावर समाधान मानू नका. दिवसाचे ९६ भाग पडतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे. कोणत्या संचानं किती वीज द्यायची हे सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्राकडे त्यांची नोंद असते. दुपारी सौर वीज भरपूर असते आणि एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, भाव पडलेले असतात. संध्याकाळी सूर्य गेला की त्याच दिवशी भाव कमाल मर्यादेला जाऊन भिडतात. २०२२ च्या मार्चमध्ये एक्स्चेंजवर युनिट २० रुपयांना गेलं होतं. त्यानंतर केंद्रीय वीज नियामक आयोगानं १२ रुपयांची आणि २०२३ च्या एप्रिलपासून १० रुपयांची मर्यादा घातली. तेव्हा कंपनीनं महागडी वीज घेतली असेल तर त्या पंधरा मिनिटांत करारातला कोणता वीजनिर्मिती संच बंद होता, का बंद होता, मेरिट ऑर्डर (आधी स्वस्त वीज, मग महाग हा क्रम) पाळली गेली का, हे विचारायचं. कधी कधी कंपनीचं उत्तर अगदी रास्त असतं : कोळसा नव्हता, वाहिनी भरली होती. ते मान्य करून तसं लिहायलाही कक्षाला यायला हवं. सगळंच नामंजूर करणारा विश्लेषक आणि सगळंच मंजूर करणारा, दोघंही सारखेच निरुपयोगी.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर गोपनीयतेबद्दल कडक शब्दांत लिहिते. २३ जुलै २०२५ ला केंद्रीय आयोगानं वीज एक्स्चेंजच्या मार्केट कपलिंगचा आदेश काढला. वेगवेगळ्या एक्स्चेंजवरच्या बोली एकत्र करून एकच भाव काढायचा, असा तो विषय. दुसऱ्या दिवशी आयईएक्स या वीज एक्स्चेंजचा शेअर जवळजवळ ३० टक्क्यांनी कोसळला. ऑक्टोबरमध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा अंतरिम आदेश आला : आदेशाची माहिती आधीच बाहेर गेली आणि तिच्या जोरावर काहींनी सुमारे १७३ कोटी रुपये कमावले, असा त्यात आरोप. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निवाडा नव्हे, हे लक्षात ठेवूनच हे वाचा. पण तुमच्या कक्षासाठी यातून आजच करण्यासारखं पुष्कळ आहे. मसुदा कोणाकोणाच्या संगणकावर आहे याची नोंद ठेवा. तो व्हॉट्सॲपवर कधीही जाऊ देऊ नका, 'फक्त शेवटचा तक्ता' सुद्धा नाही. सल्लागारांच्या मुलांसकट प्रत्येकाकडून हितसंबंधांचं लेखी निवेदन घ्या, त्यात वीज कंपन्यांचे आणि एक्स्चेंजचे शेअर घरात कोणाकडे आहेत का हेही येऊ द्या. तुमचं स्वतःचं निवेदन पहिलं द्या.

जुन्या साहेबांच्या फोनचं सांगते. त्यांच्याशी भांडायचं कारण नाही. ज्या माणसानं तुम्हाला काम शिकवलं त्याला तोडून बोललात तर तुम्हालाच रुखरुख लागेल. पण तुमचं कार्यालय अर्धन्यायिक आहे, आणि चालू याचिकेतल्या एका पक्षाशी तुम्ही फोनवर बोलताय, हे दुसऱ्या पक्षाला कळलं तर त्याला काय वाटेल याचा विचार करा. एक वाक्य ठरवून टाका : "साहेब, हे पत्रानं पाठवा, मी फाइलवर घेते." रोज तेच, त्याच आवाजात. खरंच सांगण्यासारखं काही असेल तर ते पत्र येईल, कारण कंपनीचंही म्हणणं काही वेळा दुर्लक्षित राहिलेलं असतं. नसेल तर फोन आपोआप कमी होतील. तांत्रिक पडताळणीच्या बैठका असतातच. बोलायचं ते तिथं, इतिवृत्तासह.

वरून येणाऱ्या टक्केवारीचा प्रश्न याहून अवघड आहे. वाढ अमुक टक्क्यांत असावी असं वाटणं हे धोरणकर्त्यांचं काम आहे. सामान्य माणसाच्या बिलाची काळजी त्यांनी करायलाच हवी. शासनाला धोरणात्मक निर्देश द्यायचे तर कलम १०८ चा रस्ता आहे, स्वस्त वीज द्यायची तर कलम ६५ चा. दोन्ही रस्ते कागदावरचे आहेत आणि उजळ माथ्यानं चालण्याचे आहेत. गडबड होते ती टक्केवारी आधी ठरवून आकडे मागाहून वाकवले जातात तेव्हा. विक्रीचा अंदाज थोडा फुगवायचा, वीज खरेदीचा दर थोडा खाली धरायचा, उरलेली तूट 'नियामक मत्ता', म्हणजे पुढे ग्राहकांकडून वसूल करायची रक्कम, म्हणून पुढे ढकलायची. कागदावर वाढ छोटी दिसते. दोन वर्षांनी ट्रू-अपमध्ये, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ घालताना, तीच तूट व्याजासकट परत येते. एक हजार कोटींची तूट दहा टक्के व्याजानं दोन वर्षं पुढे ढकलली तर १,२१० कोटी होते. वरचे २१० कोटी रुपये ग्राहकानं कोणत्याही विजेशिवाय भरायचे. दिल्लीत या ढकलाढकलीचा डोंगर झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं अशी थकलेली रक्कम ठराविक मुदतीत वसूल करून संपवा, असं देशभरच्या आयोगांना बजावलं. त्याआधी २०११ मध्ये आयोगांच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपिलीय न्यायाधिकरणानंही सांगून ठेवलं होतं : कंपनी याचिका घेऊन आली नाही तर आयोगानं आपणहून दरनिश्चिती सुरू करावी, विषय लांबवू नये.

तेव्हा तुम्हाला टक्केवारी सुचवली गेली की 'नाही' म्हणू नका आणि आकडाही हलवू नका. पर्याय मांडा. पूर्ण तूट यंदा घेतली तर शंभर युनिट वापरणाऱ्या घराचं बिल किती, शेतीच्या वाट्याचं अनुदान वाढवलं तर शासनाचा बोजा किती, तूट पुढे ढकलली तर व्याजासकट किती आणि कोणत्या वर्षी. एका पानावर, रुपयांत. खाली तुमच्या कक्षाची शिफारस आणि तुमची सही. आयोगानं वेगळा पर्याय निवडला तर तो त्यांचा अधिकार आहे, मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या निवडीची कारणं आदेशात यावीत यासाठी तुमच्या विधी अधिकाऱ्यांना मदतीला बसवा. कारणांशिवायचा आकडा अपिलात टिकत नाही. तुमचं टिपण मात्र बदलून घेऊ नका. 'मॅडम, टिपण जरा आदेशाशी जुळवून द्या' अशी विनंती कधी तरी येईलच. निर्णय बदलता येतो, मागच्या तारखेचं विश्लेषण बदलायचं नसतं.

ज्येष्ठ सहकाऱ्यांबद्दल तुमच्या पत्रात थोडी नाराजी आहे, आणि मला वाटतं ती सोडून द्यावी. या क्षेत्रात पुस्तकापेक्षा आठवण मोठी असते. कोणत्या साली कोणता खर्च का नामंजूर झाला, अपिलात त्याचं काय झालं, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि ते निवृत्त झाले की जाणार आहे. त्यांना तुमच्या टेबलासमोर बोलावण्याऐवजी त्यांच्या टेबलापाशी जा. जुन्या आदेशांची घटकवार नोंदवही तयार करण्याचं काम त्यांच्याकडे द्या, धाकट्या अभियंत्याला त्यांच्या हाताखाली द्या, आणि त्या वहीवर त्यांचं नाव असू द्या. तुम्ही बाहेरून आलात, कंपनीतून आलात आणि त्यांच्यापेक्षा लहान आहात. त्यांचं गप्प बसणं कदाचित राग नसेल, तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात याचा अंदाज घेणं असेल. तो अंदाज तुमच्या फाइली बघून येईल.

जनसुनावणीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून आवर्जून सांगते. बऱ्याच कक्षांत सुनावणी म्हणजे दौऱ्याची दगदग समजतात. पूर्ण कक्षाला आळीपाळीनं न्या. अमरावतीला कापूस कारखानदार काय बोलतो, नाशिकला यंत्रमागवाला काय बोलतो, ग्राहक संघटनांचे आणि उद्योगसंघांचे प्रतिनिधी कोणत्या तक्त्यावर बोट ठेवतात. ही माणसं कित्येक वर्षं याचिका वाचत आली आहेत. त्यांच्या हरकतींत कधी सल्लागाराच्या अहवालापेक्षा जास्त सापडतं. रागानं बोलणाऱ्या माणसाच्या हातातलं बिल मागून घ्या आणि तिथंच बसून वाचा. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क. यातलं किती आयोगानं ठरवलेलं आणि किती शासनाचा कर, हे त्याला दोन मिनिटांत समजावता आलं नाही तर आदेशाची भाषा सुधारायला हवी. हरकतीला आदेशात 'नोंद घेतली' एवढंच उत्तर लिहू देऊ नका. मान्य का नाही, ते दोन ओळींत लिहायला लावा.

राहिला लिएन. ही तुमची खरी भीती आहे हे मला पत्रातून जाणवलं : आज ज्या कंपनीचा खर्च कापला, उद्या तिथंच परत जायचं. ही भीती तुमची एकटीची नाही. बऱ्याच राज्यांत नियामक कार्यालयं प्रतिनियुक्तीच्या माणसांवर चालतात आणि त्या व्यवस्थेतला हा मूळचा दोष आहे, तुमच्या स्वभावातला नव्हे. पण व्यवस्था बदलेपर्यंत तुम्हाला थांबता येणार नाही. दोन पत्रं लिहा. पहिलं सचिवांना : कंपनीत असताना कोणकोणत्या वीज खरेदी करारांवर, निविदांवर किंवा भांडवली योजनांवर तुम्ही काम केलं त्याची यादी, आणि त्या बाबींची छाननी कक्षातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी ही विनंती. ते ज्येष्ठ सहकारी यासाठी योग्य आहेत, आणि ती जबाबदारी त्यांच्याकडे सोपवल्यानं त्यांच्या गप्प बसण्याचा प्रश्नही थोडा सुटेल. दुसरं पत्र तुमच्या सेवेबद्दल : नियामक कार्यालयात कायम सामावून घेण्याची तरतूद असेल तर अर्ज, नसेल तर परतीच्या आधी काही काळ कंपनीच्या नियामक विभागात नेमणूक होऊ नये अशी लेखी अट. दुसऱ्या पत्राला 'नाही' असं उत्तर येऊ शकतं. तरी पाठवा, आणि यंदाच्या याचिकेची तांत्रिक पडताळणी सुरू होण्याआधी पाठवा. नंतर पाठवलंत तर त्याचा अर्थ वेगळा लावला जाईल.